'किती वॉटचा आहे?' : एका अर्धवट प्रश्नाचा इतिहास

(ताथवडे येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'ॲम्प्लिफायरची शक्ती आणि आवाजाची विकृती' असं सांगितलं. फोनवर थोडा वेळ शांतता होती. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस ॲम्प्लिफायरवर काय बोलणार, हे त्यांना पडलेलं कोडं रास्तच आहे. पण तत्त्वज्ञानाचं एक काम असं आहे की लोक रोज जो प्रश्न विचारतात, तो पूर्ण आहे की अर्धवट, हे तपासायचं. आणि आपल्या भागात दरवर्षी श्रावण संपत आला की मंडळाच्या बैठकीत, लग्नसराईत लॉन ठरवताना, एक प्रश्न हमखास विचारला जातो. साउंडवाल्याला विचारतात, "किती वॉटचा आहे?" तो आकडा सांगतो. आकडा मोठा असला की सौदा पटतो.

माझं म्हणणं इतकंच आहे की हा प्रश्न अर्धाच आहे. टेम्पो किती वेगानं जातो असं विचारावं आणि रिकामा की भरलेला हे विचारूच नये, तसं. वॉट सांगताना 'किती विकृतीला' हे सांगितलं नाही, तर त्या आकड्याला अर्थ नसतो. हा दुसरा अर्धा प्रश्न आपण कधी आणि कसा गमावला, तो इतिहास आज सांगायचा आहे.

कर्ण्याच्या आधी

सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली सुरू झाला, असं आपण मानतो. तेव्हा कर्णा नव्हता, माइक नव्हता. व्याख्यानं होत होती, कीर्तनं होत होती, पुढे मेळे निघाले. हे सगळं माणसाच्या गळ्यावर. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हाही नाटकगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं ते गळ्यानंच.

आपल्या नैयायिकांनी ध्वनी कसा पसरतो यासाठी दोन दाखले दिले आहेत. एक वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यात लाटेतून लाट उठत जावी तसा. दुसरा कदंबमुकुलन्याय, म्हणजे कदंबाची कळी एकाच वेळी सर्व बाजूंनी उमलावी तसा. उघड्या मैदानावर हा कदंबच महागात पडतो. आवाज सगळीकडे पसरतो म्हणून पातळ होत जातो. अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलनं उतरते. वक्त्यापासून १० मीटरवर जे ऐकू येतं, ते ३२० मीटरवर ३० डेसिबलनं कमी झालेलं असतं. ते भरून काढायचं तर मूळ शक्ती १००० पट करावी लागेल. गळा १००० पट होत नाही. म्हणजे सभा किती मोठी व्हावी याला निसर्गानंच मर्यादा घातली होती.

शिकागो रेडिओ

ती मर्यादा विसाव्या शतकात मोडली. १९१५ साली कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी जाहीर सभेसाठी ध्वनिवर्धक वापरून दाखवला. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला. आणि थोड्याच वर्षांत हे तंत्र मुंबईत रुजलं, ते मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ'मुळे. नाव शिकागोचं असलं तरी माणसं सिंधमधून मुंबईत आलेली. पुढे त्यांचा कारखाना नाशिकला झाला. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांचे जुने फोटो पाहा, पुढाऱ्यासमोरच्या माइकवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरं दिसतात. नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत.

८ ऑगस्ट १९४२ला गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव झाला. त्या रात्रीचं गांधीजींचं भाषण हजारोंनी ऐकलं ते ध्वनिक्षेपकावरून. पहाटे धरपकड झाली. पुढे उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते; ते सुटले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे ध्वनिवर्धक आला तो शब्द पोचवण्यासाठी आला, आणि तो शब्द पोचवण्याबद्दल माणसं तुरुंगात गेली.

आता त्या कर्ण्याचा आवाज कसा होता? आजच्या कानाला तो नाकातला, पत्र्यासारखा वाटेल. खालचे स्वर नाहीत, वरचे नाहीत, मधला पट्टा तेवढा. पण कर्णा काटकसरी असतो. साधा कागदी कोनाचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी साधारण एक-दोन टक्क्यांचाच आवाज करतो, बाकीची उष्णता होते. कर्ण्याचं प्रमाण त्याच्या कितीतरी पट असतं. म्हणून त्या काळच्या थोड्या वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर मोठं मैदान भागत असे. शिवाय एकच मोठा आवाज करण्यापेक्षा मैदानभर खांबांवर कर्णे लावले की प्रत्येक श्रोत्याचं अंतर कमी होतं, आणि शक्ती कमी लागते.

आणि तो आवाज फाटला तरी चालत होतं. याला शास्त्रीय पुरावा आहे. लिकलायडर नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९४०च्या दशकात बोलण्याच्या लहरी वरून-खालून पार छाटून टाकल्या आणि लोकांना ऐकवल्या. आवाज अगदी भसाडा झाला, पण शब्द बऱ्यापैकी कळत राहिले. बोललेला शब्द भारी चिवट असतो. भर्तृहरीनं 'वाक्यपदीया'त दोन ध्वनी सांगितले आहेत: प्राकृत ध्वनी, ज्याच्यामुळे शब्द कोणता ते कळतं; आणि वैकृत ध्वनी, ज्याच्यामुळे तो द्रुत, मध्यम, विलंबित असा वेगवेगळा भासतो. त्याच्या 'वैकृत'चा अर्थ बिघाड असा नाही, हे लक्षात ठेवा. पण ही विभागणी मला इथे उपयोगी वाटते. कर्ण्यानं वरवरचं बरंच बिघडवलं, तरी शब्दाची ओळख शाबूत ठेवली. त्याच्याकडून तेवढंच हवं होतं.

फाटणं म्हणजे काय

साउंडवाले 'डिस्टॉर्शन' म्हणतात, पण त्यांचा खरा शब्द आहे 'आवाज फाटतो'. फार अचूक शब्द आहे.

ॲम्प्लिफायरचं काम म्हणजे छोट्या लहरीची हुबेहूब मोठी प्रतिकृती करणं. पण त्याला जो वीजपुरवठा असतो त्याच्या व्होल्टेजपलीकडे तो जाऊ शकत नाही. छप्पर आहे ते. लहर छपराला टेकली की तिचा गोल माथा सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात, म्हणजे छाटणी. माथा सपाट झाला की मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वर जन्माला येतात. ते गायकानं गायलेले नसतात, यंत्रानं घुसडलेले असतात.

आता गंमत बघा. गोल लहर पूर्ण छाटून चौकोनी केली, तर उंची तेवढीच राहून तिची शक्ती दुप्पट होते. म्हणजे १०० वॉट स्वच्छ देणारा ॲम्प्लिफायर बेसुमार फाडला की जवळजवळ २०० वॉट देतो! तेव्हा विकृती सुमारे ४८ टक्के असते. म्हणून मी म्हणतो, वॉटचा आकडा एकटा उभा राहू शकत नाही. एकाच पेटीला प्रामाणिक माणूस १०० म्हणेल आणि दुसरा २०० म्हणेल, आणि दोघंही मोजून दाखवतील. फरक एवढाच की दुसऱ्यानं किती फाटलेल्या आवाजाला मोजलं ते सांगितलं नाही.

शक्ती आणि विकृती यांचा आलेख काढला तर तो सरळ चढत जात नाही. अगदी कमी शक्तीला विकृतीचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा दुसरा. दोन माणसं मोठी करवत ओढतात ना, तसं. एकानं सोडली आणि दुसऱ्यानं धरली, त्या क्षणी थोडा झटका बसतो. हळू आवाजात तो झटका जास्त जाणवतो. मग मधल्या पट्ट्यात आलेख खाली, सपाट. आणि छपराजवळ आला की एकदम भिंतीसारखा उभा. सगळी अक्कल त्या भिंतीच्या अलीकडे थांबण्यात आहे.

आणि भिंतीपलीकडे मिळतं तरी काय? शक्ती दुप्पट म्हणजे फक्त ३ डेसिबलची वाढ. कानाला आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. १०० चे २०० वॉट केले तर जेमतेम फरक कळतो. पण फाटलेला आवाज मात्र मोठा वाटतो, कारण ओरडण्याशी, आरड्याओरड्याशी आपण कर्कशपणा जोडलेला असतो. मी तर म्हणेन, आपण ज्याला 'दणका' म्हणतो त्यातला बराच भाग शक्तीचा नसून फाटण्याचा असतो.

चूक ताडून पाहण्याची युक्ती

या प्रश्नावरचं विसाव्या शतकातलं सर्वांत सुंदर उत्तर २ ऑगस्ट १९२७ला सापडलं. बेल प्रयोगशाळेतला हॅरल्ड ब्लॅक, वय २९, हडसन नदीवरच्या बोटीतून कामाला जात होता. दूरध्वनीच्या लांब तारांवर एकामागून एक ॲम्प्लिफायर लावले की प्रत्येकाची विकृती साठत जाते, यावर तो कित्येक वर्षं डोकं खपवत होता. बोटीत त्याला सुचलं, आणि जवळच्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यानं आकृती काढली. कल्पना अशी: निर्दोष ॲम्प्लिफायर बनवायचा हट्ट सोडा. जो आहे त्याच्यातून बाहेर पडणाऱ्या लहरीचा थोडा अंश परत आत आणा, मूळ लहरीशी ताडून पाहा, आणि जेवढा फरक असेल तेवढा उलट लावा. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. याची किंमत म्हणजे ॲम्प्लिफायरची वाढवण्याची ताकद बरीच घटते. ब्लॅकनं ती खुशीनं मोजली. हे इतकं उलटं वाटत होतं की पेटंट मिळायला नऊ वर्षांहून जास्त काळ गेला.

यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. फीडबॅक फक्त छपराच्या आत काम करतो. लहर छपराला टेकली की चूक कळते, पण दुरुस्त करायला हातात काही उरलेलं नसतं. उलट अशा ॲम्प्लिफायरचं फाटणं जास्त अचानक आणि तीक्ष्ण असतं. जुना व्हॉल्व्ह हळूहळू कण्हत फाटायचा, हा एकदम फाटतो. स्वतःची चूक सुधारण्याची क्षमता मर्यादेच्या आतच असते, बाहेर नसते. माणसांनाही हे लागू पडतं, पण तो विषय आज नको.

आकडा एकटा कसा पडला

१९४७ साली इंग्लंडमध्ये विल्यमसन यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक ॲम्प्लिफायर मांडला: १५ वॉट, आणि विकृती ०.१ टक्क्याहून कमी. दोन्ही आकडे जोडीनं. ही शिस्त होती. मग बाजार वाढला आणि जोडी फुटली. अमेरिकेत जाहिरातींमधले वॉट इतके फुगले की १९७४ साली सरकारला नियम करावा लागला. शक्ती सांगायची तर सलग चालणारी सांगा, कोणत्या कंपनांच्या पट्ट्यात ते सांगा, किती ओहमच्या भारावर ते सांगा, आणि जास्तीत जास्त किती विकृतीला ते सांगा. शिवाय मोजण्याआधी यंत्र एक-तृतीयांश शक्तीवर तासभर तापवा.

आपल्याकडे १९९०च्या दशकात काय झालं ते तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना आठवेल. हातात उचलून नेता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवर मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं, '१००० वॉट पीएमपीओ'. त्या यंत्राला भिंतीतून मिळणारी वीजच त्याच्या काही टक्के असायची! पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या शिखराचा आकडा; तो किती विकृतीला, किती वेळासाठी, याचं कुठलंच सर्वमान्य माप नव्हतं. एका पिढीनं वॉट हा शब्द या अक्षरांमधून शिकला. पुढे ती पिढी मंडळाची कार्यकर्ती झाली.

गाणं आणि भिंत

बोलणं फाटलं तरी चालतं, असं मी म्हणालो. गाण्याचं तसं नाही. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. पुढे रमणबागेच्या मैदानावर हजारो माणसं रात्र-रात्र बसून ऐकत. तिथे नुसता शब्द पोचून भागत नाही, श्रुती पोचावी लागते.

समजा षड्ज २४० कंपनांचा आहे आणि त्याच्याबरोबर कोमल रिषभ, २५६चा, लागतो आहे. स्वच्छ यंत्रातून हे दोनच स्वर बाहेर येतील. विकृत यंत्र यांची बेरीज-वजाबाकीही करतं. बेरीज ४९६. तार षड्ज ४८०चा आणि तार कोमल रिषभ ५१२चा. ४९६ बरोबर मध्ये पडतो. म्हणजे गायकानं न लावलेला, सप्तकात जागा नसलेला स्वर मंडपात ऐकू येतो! तानपुऱ्याच्या जवारीत तर कितीतरी स्वर एकत्र नांदत असतात. तिथे यंत्र फाटलं की सगळा गढूळपणा. म्हणून चांगले ध्वनिसंयोजक मोठा ॲम्प्लिफायर आणतात आणि तो हळू वाजवतात. मोठी शक्ती वापरायची नसते, राखीव ठेवायची असते.

हीच मोठी शक्ती पुढे मिरवणुकीत आली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत होऊन. लोकांनी तिला नाव दिलं 'डॉल्बी'. या नावाची कथा ऐका. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतातच होता. टेपवर ध्वनिमुद्रण करताना मागे जी 'हिस्स' अशी खरखर येते ती कशी घालवावी, याचा विचार त्याच्या मनात इथेच घोळत होता. १९६५ साली लंडनला त्यानं कंपनी काढली ती खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचं नाव आपण महाराष्ट्रात गोंगाटाच्या भिंतीला दिलं आहे. भाषाशास्त्रात अर्थ उलटा होण्याची उदाहरणं देतात. यापेक्षा चांगलं मला माहीत नाही.

कायदा काय मोजतो

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. १८ जुलै २००५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या विषयाचा सविस्तर विचार केला.

हे सगळं आवश्यकच आहे. पण कायदा 'किती' मोजतो, 'कसा' मोजत नाही. आणि 'किती'चीही आपण काय गत करतो? इथून चाकणपर्यंत कारखानेच कारखाने आहेत. आवाजामुळे येणारं बहिरेपण कायद्याच्या अनुसूचीत आहे. कामगाराला ते झालं तर कळवावं लागतं. प्रेस शॉपमध्ये आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा पाळायची, कानात प्लग घालायचे. तोच मुलगा संध्याकाळी प्लग काढून भिंतीसमोर चार तास नाचतो. कानाला पाळी बदललेली कळत नाही. आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आणि आधी जातात ते वरचे स्वर, म्हणजे बोलण्यातले स, श, फ, त. वयाच्या पन्नाशीत त्याला नातवाचं बोलणं 'ऐकू येतं पण कळत नाही' असं होणार. ज्या यंत्राचा जन्म शब्द पोचवण्यासाठी झाला, त्यानंच शब्द हिरावून घेतला, असा हा हिशेब आहे.

मी मंडळांच्या विरुद्ध बोलत नाही. माझी विनंती छोटी आहे. पुढच्या बैठकीत साउंडवाल्याला दोन प्रश्न विचारा. सलग किती वॉट, आणि किती टक्के विकृतीला? उत्तर देता आलं नाही तर तो आकडा सोडून द्या. दुसरं, ॲम्प्लिफायरवर क्लिपिंगचा लाल दिवा असतो. तो लागला की आवाज खाली आणायचा, हे सुपारी देतानाच ठरवा. आणि एका मोठ्या भिंतीऐवजी लांबवर छोटे स्पीकर वाटून लावता येतात का, तेही विचारा.

प्रश्नोत्तरांतून

एका तरुण श्रोत्याचा प्रश्न होता: "सर, मग ढोल-ताशाचं काय? तोही १०० डेसिबलच्या वर जातोच की. त्यात तर ॲम्प्लिफायर नाही."

बरोबर आहे. कानाच्या दृष्टीनं १०० डेसिबल म्हणजे १०० डेसिबल. ढोलाला सवलत नाही. पथकातल्या मुलांनी कान झाकलेच पाहिजेत, आणि ही गोष्ट पथकप्रमुखांनी मनावर घेतली पाहिजे. फरक एवढाच की ढोल वाजवणारा दमतो. त्याचा हात ही त्याची मर्यादा आहे. ॲम्प्लिफायर दमत नाही, म्हणून त्याची मर्यादा आपल्याला ठरवावी लागते.

एका गृहस्थांनी विचारलं: "घरचा ॲम्प्लिफायर ३० वॉटचा आहे. स्पीकर १०० वॉटचे. मग स्पीकर सुरक्षित ना?"

नेहमीच नाही. तुम्ही तो ३० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण पिळून फाडलात, तर वरच्या स्वरांच्या पट्ट्यात नको तेवढी शक्ती जाते. तो पट्टा सांभाळणारा ट्वीटर नाजूक असतो, तो जळू शकतो. आवाज फाटतोय असं कानाला वाटलं की बटण थोडं मागे घ्या. तेवढ्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही.